हक्कसोडीचा कागद

एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला कायद्याचं तत्त्वज्ञान आणि समाजशास्त्र शिकवायचे. माझ्याआधी घरातलं कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, त्यामुळे पुस्तकातलं एकेक वाक्य मी दोनदा वाचायची. पुस्तकातला कायदा वेगळा आणि लोक ज्याच्या भीतीने वागतात तो वेगळा, असं सर सांगायचे. मला ते पटायचं. पण ते आपल्या घराला लावून पाहावं, हे काही सुचलं नाही.

त्या दिवाळीनंतर मामांनी आईला अंबडच्या रजिस्ट्री ऑफिसात बोलावलं. आजोबा वारल्यावर अंकुशनगरजवळच्या उसाच्या शेताला आईचं नाव वारस म्हणून लागलं होतं. हक्कसोड करून तो वाटा तिने भावाला द्यायचा होता. आमच्याकडे बहिणी सोडतातच. मामांनी तिच्यासाठी साडी आणली होती. मी सोबत गेले.

"भाची वकील होऊन राह्यली," मामा दस्त लिहिणाऱ्याला म्हणाले, "मंग बाहेरचा साक्षीदार कशाला धुंडता?"

तो हसला. "वकीलबाई, वाचून दाखवा मंग आईला."

मी वाचू लागले. 'स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय' इथपर्यंत आले आणि थांबले. आई खाली मान घालून ऐकत होती.

"का गं, अक्षर लागत न्हाई का?" मामा म्हणाले.

मी पुढचं वाचून टाकलं. आईने सही केली. मग साक्षीदाराच्या सहीसाठी कागद माझ्यापुढे आला.

"मामा, मला न्हाई जमणार."

"काहून?"

"आई खुशीनं सोडून राह्यली का, ते मला माहीत न्हाई."

मामांनी कागद माझ्यापुढून उचलला. त्यांनी बाहेरून ओळखीचा एक जण आणला. निघताना चहाचंही विचारलं नाही.

एसटीत आई साडीची पिशवी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर पाहत होती. माझ्यामुळे माहेर तुटलं म्हणून रागावली असेल, असं वाटून मी मनात माझी बाजू जुळवत होते.

"मी सही न्हाई केली असती, तर चाललं असतं का गं?" तिने विचारलं.

"चाललं असतं. तुझा वाटा तुझाच राह्यला असता."

"हे तुला कधीपासून माहीत व्हतं?"

"पहिल्या वर्षापासून."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"मंग घरीच सांगायचं व्हतं," ती म्हणाली.