सर्जाची घंटा

मांजर आडवं गेलं की मी थांबतो... त्याला बिस्किट द्यायला. शाळेत विज्ञान शिकवतो. भुताखेताचं कुणी काढलं की पुरावा मागतो, त्यामुळे लग्नकार्यात माझ्याशेजारी फारसं कुणी बसत नाही. तरीही हे लिहितोय.

गेल्या श्रावणात तळेगावहून औंढ्याला, आमच्या गावच्या घरी गेलो होतो. सोबत आबा, म्हणजे माझे वडील. त्यांना विस्मरणाचा आजार. दुपारी जेवून माझा जरा डोळा लागला... आणि आबा गायब. बाहेर धुकं असं की अंगणातली गाडी दिसेना.

आबांचा मोबाइल त्यांच्या खिशात होता. लोकेशन लोणावळ्याच्या रस्त्यावर दाखवत होतं. मी धावत निघालो, तर शेजारच्या सखूमावशीनं अडवलं.

"तिकडं कुटं? वर टेकाडावर घंटा वाजतिया. तुमच्या सर्जाची."

सर्जा आमचा बैल. जाऊन दहा वर्षं झाली. त्याची घंटा तळेगावला शोकेसमध्ये असते, आतला लोलक बायकोनं कधीच काढून टाकलाय.

पण ऐकू मलाही येत होतं. थांबून थांबून.

"कुणाची शेळी असेल."

"असल्या धुक्यात शेळ्या कोन सोडतंय?"

"मग देवळातली."

"देऊळ खाली हाय, मास्तर."

"धुक्यात आवाजाची दिशा फसवते, मावशी," म्हणत मी चक्क धडा सुरू केला. आणि मोबाइलच्या मागे गेलो.

दोन तास त्या रस्त्यावर आबा, आबा करत फिरलो. घसा बसला. मग नीट वाचलं... लोकेशन सकाळचं होतं. गावाकडे येताना वाटेत शेवटची रेंज मिळालेली, तिथलं.

परत आलो तर मावशी उंबऱ्यातच बसलेली. "अजून वाजतिया. पर लय बारीक झालीया. माझं गुडघं धड असतं तर तवाच गेले असते, बाबा."

आवाजामागे चढलो. आबा दगडाआड पडले होते. पाय मोडलेला, अंग गार. घंटा थांबली.

"सर्जा बसलाय," आबा म्हणाले, "म्हनून मीबी बसलो."

आसपास काही नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. आबा त्यानंतर उठले नाहीत, आता बोलतही नाहीत. योगायोग, भास, सगळं लावून पाहिलं... एकही स्पष्टीकरण पुरत नाही. रोज शाळेतून आलो की ती मुकी घंटा शोकेसमधून काढतो आणि त्यांच्या उशाशी बसून हलवतो.

वाज गं एकदा. या वेळी लगेच निघतो.