आबांची हलगी

परवा जालन्यात मिरवणुकीआधी कुणीतरी पेटत्या पाचटावर हलगी शेकत होतं. तापल्या कातड्याचा वास आला आणि मी घनसावंगीकडच्या एका लग्नाच्या मांडवामागे जाऊन पोचलो.

तिथं माझे वडील, आबा, असेच हलगी शेकत बसले होते. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि हातात स्वतः लिहिलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता. मी सरळ म्हणालो, "आबा, यांची वरात तुमच्या तालावर नाचती, आन् पंगतीत तुम्हाला जागा न्हाई. तुमची पत्रावळ मांडवाबाहेर. बिलकुल वाजवू नका."

"तुहं बराबर हाये, लेका," आबा म्हणाले. "मंग वाजवू कुठं, ते बी छाप की तुह्या कागदात."

"वाजवायचंच कशाला?" मी चिडलो.

त्यांनी हलगी काखेत मारली आणि निघाले. पुन्हा कधीच वाजवली नाही.

ते पत्रक मी आजही मागे घेणार नाही. वाजवणाऱ्याला बाहेर बसवून त्याच्या तालावर आत नाचणारा समाज नालायकच. पण 'वाजवू कुठं' हे मी कधीच छापलं नाही, आणि आता ते पुन्हा विचारायला आबा नाहीत. त्यांचा ताल मला येत नाही, गावात कुणालाच येत नाही.

त्या दिवशी घरी चालत जाताना मी जिंकल्याच्या तोऱ्यात त्यांना पत्रक वाचून दाखवत होतो. त्यांची बोटं मांडीवर ताल धरत होती. मी म्हणालो, "आबा, हात थांबवा, नीट ऐका."

त्यांनी हात थांबवला.