इराचे अवघड शब्द आणि विहिरीवरची ताई

'मिस्चिव्हस' की 'मिस्चिव्हियस'? या एका प्रश्नाने मध्यंतरी माझी अख्ख्या रात्रीची झोप घालवली. मी मराठी मीडियमची, लेक इरा इंग्लिश मीडियमला, दुसरीत. दर सोमवारी शाळेतून एका अवघड शब्दाचं कार्ड येतं. उच्चार शिका, अर्थ शिका, वाक्यात उपयोग करा! माझ्या उच्चारांपायी पोरीचं वाटोळं होणार, एवढीच तेव्हा माझी काळजी. आता त्या काळजीचा हेवा वाटतो. कार्डागणिक एक किस्सा साठत गेलाय. व्हॅनच्या थांब्यावर सांगायला लागले की बाकीच्या आया आधी हसतात, मग आपापल्या पोरांचे हात धरतात.

*

पहिलं कार्ड 'रॉन्देव्हू'. ठरवून भेटणं. मी बिनधास्त 'रेंडेझव्हस' शिकवलं. खात्री करावी म्हणून नवऱ्याला विचारलं. तो जयगडला पोर्टवर, साहेबलोकांत वावरणारा.

"रेंडेझव्हसच! मी कायम तसंच म्हणतो. कोणी हसलं नाही अजून."

मोबाईलला विचारलं, तर तो म्हणाला 'रॉन्देव्हू'. नवऱ्याचा चेहरा पडला. "म्हणजे मागे हसत असणार!"

इरा शांतपणे म्हणाली, "मला माहीत होतं. ताई तसंच म्हणते."

आम्हाला वाटलं, शाळेतली कोणी ताई.

*

मग ते 'मिस्चिव्हस'. खोडकर. वर्गात मिसनी 'मिस्चिव्हियस' म्हटलं आणि इराने त्यांना सुधारलं! पेरेंट्स मीटिंगला मी 'सॉरी मिस' पाठ करून गेले. पण मिस म्हणाल्या, "मी चेक केलं. इराचंच बरोबर. घरी खूप मेहनत घेता तुम्ही!"

मी निर्लज्जपणे "थँक्यू" म्हटलं. रिक्षात बसल्यावर विचारलं, "कोणी शिकवलं गं?"

"विहिरीवरच्या ताईने."

आमच्या परसात चिऱ्यांची जुनी विहीर आहे. ताई कोणी नाही.

*

'व्हेकंट' म्हणजे रिकामं. पडवीतला झोपाळा दाखवून मी म्हटलं, "बघ, द स्विंग इज व्हेकंट."

इराने झोपाळ्याकडे पाहिलं. "नाहीये."

आणि कोणाच्या तरी गुडघ्यांना धक्का लागू नये तशी अंग चोरून पलीकडे गेली.

सासूबाई सुपारी कातरत बसल्या होत्या. अडकित्ता तसाच हातात. झोपाळा जरासा हलला. वाराही असेल!

"बस हो बाई, बस," सासूबाई झोपाळ्याला म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. तेव्हापासून सुपारी स्वयंपाकघरात कातरतात.

*

मग 'इनऑडिबल'चा आठवडा. ऐकू न येणारं. कपडे वाळत घालायला परसात गेले, तर इरा विहिरीच्या कठड्यावर पोट टेकून आत वाकलेली! धावत जाऊन फ्रॉकला धरून मागे ओढली.

"कोणाशी बोलत होतीस?"

"बोलत नव्हते, ऐकत होते. शी इज इनऑडिबल, म्हणून वाकावं लागतं."

त्या वाक्याला शाळेत स्टार मिळाला. मी मिरजोळ्याच्या एमआयडीसीतून वेल्डर बोलावला आणि विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घेतली. जाळीला कुलूप, किल्ली सेफ्टी पिनने माझ्या मंगळसूत्राला.

नवरा म्हणाला, "अगं, लहान मुलांचे असतात असे काल्पनिक मित्र." रविवारी तो स्वतः जाऊन कुलूप ओढून बघून आला.

*

या सोमवारी कार्ड आलं, 'रिलक्टंट'. मन नसणं, नाखूश असणं. मी मोबाईलवरून उच्चार ऐकवला, अर्थ सांगितला. वाक्य करायला सांगायचा धीर होत नव्हता. पण गृहपाठ तो गृहपाठ.

इराने जरा विचार केला. "शी इज रिलक्टंट टु टेक मी."

 पहिला विचार काय आला, तर वाक्य बरोबर आहे! दुसरा विचार, नेणार नाही म्हणतेय, देवच पावला. मी तिला घट्ट जवळ घेतलं आणि आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "का गं? तुला का न्यायचं नाहीये तिला?"

इरा पेन्सिलीला टोक करत होती. वर न बघता म्हणाली,

"खाली मुली खूप आहेत. आई एकही नाहीये."