माझ्या आवाजातलं त्याचं गाणं

मला ओळी सुचतात त्या नेमक्या हात अडकलेले असताना. भाकरी थापताना, स्कूटी चालवताना, ऑफिसात कंटेनरचे नंबर कॉम्प्युटरवर चढवताना. न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर यार्डात मी नोकरी करते. गाणी जुळवायचा नाद लग्नाआधीपासूनचा. आमच्या आगरी बोलीतली, हळदीला बायका म्हणतात तशी गाणी. पण हात धुऊन, पुसून, कागद शोधेपर्यंत ओळ गेलेली असायची. चाल राहायची आणि शब्द जायचे, नाहीतर शब्द राहायचे आणि ज्या चालीत ते आले ती चाल काही केल्या परत यायची नाही.

ऑफिसातल्या मैत्रिणीने एकदा माझा मोबाईल घेतला आणि त्यात आवाज रेकॉर्ड करायचं एक साधं ॲप टाकून दिलं.

"लिहीत कशाला बसतेस? बोल आणि मोकळी हो," ती म्हणाली.

एक लाल बटण, बाकी काही नाही. दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. मला ते फार आवडलं. ट्रेलरच्या रांगेत स्कूटी बाजूला घेऊन फोन तोंडाशी धरलेली बाई घरी भाजीचं विचारतेय असंच लोकांना वाटतं. कुणी वळूनही बघत नाही. हळूहळू त्यात बरंच साठलं. काही ओळींवर कुकरच्या शिट्ट्या होत्या, काहींत वाऱ्याचाच आवाज जास्त होता. पण ओळ हरवत नव्हती. इतकी वर्षं जे नुसतं वाहून जात होतं ते कुठेतरी राहतंय, याचा मला आनंद होता.

माझी आई मिठागरात कामाला जायची. आता ती मिठागरं नाहीत. भराव पडला, गोदामं झाली. आई मीठही पिशवीतलं आणते आणि प्रत्येक वेळी त्याला नावं ठेवते. एका दुपारी मी तिच्याकडे गेले तेव्हा ती ओट्यावर बसून टाचांच्या भेगांना तेल लावत होती. काम सुटून इतकी वर्षं झाली, पण त्या भेगा भरल्या नाहीत. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू. ती म्हणाली, "पायाला काय दाखवाचं?"

परत येताना रस्त्यात ओळ आली, जन्मभर मीठ वाहणाऱ्या आईला गोड कधी लागलं, असं विचारणारी. मी स्कूटी थांबवली आणि बटण दाबलं.

"डोईवं मीठ न पायाला मीठ, आय गो, तुला गोड कंदी लागलं?"

मध्येच मागून ट्रेलरचा हॉर्न वाजला. मी थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना आवाज जरा कापरा झाला. तो तसाच राहू दिला.

माझा धाकटा दीर हळदीची डीजे गाणी करतो. आमच्याच घराच्या वरच्या खोलीत त्याने स्टुडिओ केलाय, गाणी यूट्यूबवर टाकतो, आमच्या भागात त्याला बरेच लोक ओळखतात. त्यानेच मला सांगून ठेवलं होतं, "वहिनी, सुचलं की मला टाकत जा. चांगलं असेल तर करू आपण. तुमचं नाव टाकू." घरातलं कुणीतरी आपल्याला असं म्हणतंय याचंच मला अप्रूप. मी टाकत गेले. रेकॉर्डिंग झालं की तिथूनच त्याला पाठवायचे. त्याचा अंगठा यायचा, बाकी काही नाही. ही ओळही पाठवली. रात्री जेवताना विचारलं, कशी वाटली?

"स्लो आहे, वहिनी. आणि रडकी आहे. हळदीला नाही चालणार."

मला वाईट वाटलं, पण पटलंही. विषय संपला.

काही महिन्यांनी मी यार्डाच्या गेटवर कागद घेऊन उभी होते. रांगेतल्या एका ट्रेलरच्या केबिनमध्ये गाणं लागलं. आधी हॉर्न वाजला. मला वाटलं रस्त्यावरचा. मग एका बाईचा आवाज आला, डोईवं मीठ न पायाला मीठ, आणि तो आवाज माझा होता. तोच कापरा, दुसऱ्या वेळचा. त्यावर एकदम ढोल कोसळले आणि माझा दीर गायला लागला, "बाय गो, तुला गोड कंदी लागलं?" आयची बाय झाली होती, आईची तरणी पोर. पुढच्या कडव्यात त्या बायची कंबर होती, तिची नजर होती, आणि गोड म्हणजे काय ते कुणालाही कळावं असं होतं. ड्रायव्हर खिडकीच्या चौकटीवर ताल धरत होता. माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "एक नंबर गाना है, मॅडम."

रविवारी दुपारी सगळे जेवायला बसल्यावर मी फोन ताटाशेजारी ठेवला. आधी माझं रेकॉर्डिंग लावलं, मग ते गाणं.

"हा आवाज कुणाचा आहे?" मी दिराला विचारलं.

"तुमचाच." तो जराही गडबडला नाही. "सॅम्पल घेतलाय. लोकांना तोच तुकडा आवडलाय, वहिनी, हॉर्नसकट. कमेंट वाचा."

"आणि आयची बाय कुणी केली?"

"आता हळदीला आईवर कोण नाचणार?"

सासूबाई भात वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "घरातलंच हाय ना? भाईरच्यानं नेलं का?"

मला वाटत होतं, रेकॉर्डिंग ऐकवलं की कुणीतरी दचकेल. पण ओळ माझी आहे हे कुणी नाकारलंच नाही. सगळ्यांना मान्य होतं. फक्त त्यात काही बिघडलंय असं कुणाला वाटत नव्हतं. मी नवऱ्याकडे बघितलं. तो बांगड्याचा काटा काढत होता.

"मग तुझं म्हणणं काय आहे?" तो म्हणाला. "नाव पाहिजे का तुला?"

"हो. पाहिजे."

तो हसला. दीरही हसला. मग सासूबाईंनी कालवण कसं झालंय ते विचारलं आणि सगळ्यांनी छान झालंय म्हणून सांगितलं. दोन दिवसांनी त्या गाण्याखाली एक नवीन ओळ आली, "विशेष आभार : आमचं संपूर्ण कुटुंब." गीतकार म्हणून दिराचं नाव तसंच होतं.

लग्नाच्या त्याच मोसमात माझ्या माहेरी भाचीची हळद होती. मांडवात डीजे माझ्या दिराचाच. दिवस मावळता मावळता ते गाणं लागलं आणि पोरींनी माझ्या आईला हाताला धरून मध्ये नेलं. आई नाचली. हळद लागलेल्या हातांनी टाळ्या वाजवत, त्याच पायांवर, चांगली गाणं संपेपर्यंत. मग धापा टाकत माझ्या शेजारी खुर्चीवर येऊन बसली.

"सुरवातीला बाय बोलते ना, तिचा गला तुज्यासारका हाय गो," ती म्हणाली.

"मीच हाय ती, आय. गानं मीच केलंय. तुज्यावं."

तिने माझ्याकडे बघितलं आणि खो खो हसली. "माज्यावं? त्यात तं पोरीला इचारतान."

"पोरीला न्हाय. मी आय म्हनलेलं. त्यानं बाय केलं."

"न्हाय गो, बायच हाय. नीट आयक तू."

तेवढ्यात दीर तिथून चालला होता. आईने त्याला बोलावलं आणि त्याच्या गालावरून हात फिरवला. "मिठागराची आठवन ठेवलीस रं पोरा. कोन ठेवतं आता?" तो वाकून तिच्या पाया पडला. "तुमचाच आशीर्वाद," म्हणाला. उठताना त्याची नजर माझ्यावरून गेली, पण थांबली नाही. मी तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं असं ऑफिसातली मैत्रीण म्हणते. काय बोलायला हवं होतं ते तिलाही सांगता येत नाही. आई खूश होती. पुढे बरेच दिवस ती भेटेल त्याला सांगत होती, माझ्या लेकीच्या दिरानं मिठाचं गाणं केलंय.

पावसाळ्यानंतर दीर खाली आला. नवीन मोसमासाठी गाणी पाहिजे होती. "वहिनी, हल्ली काही टाकत नाही तुम्ही."

"टाकणार नाही," मी म्हटलं.

"रागावलात? बरं. जुनी आहेतच की माझ्याकडे तुमची."

ते खरंच होतं. मीच एकेक करून पाठवली होती. त्यानंतर त्यातली दोन गाणी झाली. एक माझ्या वडिलांच्या होडीवरचं होतं. ते आता दारूचं गाणं आहे. चांगलं चाललं असं ऐकलं. दुसरं मी अजून ऐकलेलं नाही.

मी अजून बटण दाबते. ओळ आली की स्कूटी बाजूला घेते, बोलते, बंद करते. कुणाला पाठवत नाही, कुणाला ऐकवत नाही. घरात असले तर बाथरूमचं दार लावून हळू आवाजात बोलते. नवऱ्याला वाटतं माझा तो नाद सुटला. एकदा शेजारच्या काकूंना तो तसं सांगत होता, आणि सांगताना तो स्वतःच कशातून तरी सुटल्यासारखा वाटत होता.