दुसरी 'ब'चं कुलूप

कुलूप हातात आलं की बाई ते आधी कानाला लावायच्या. दांडी बोटाने एकदा ओढायच्या, सोडायच्या, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत निकाल सांगायच्या, "दुसरी ब. काठावर पास."

लालबागच्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी बावीस वर्षं काउंटरवर उभा आहे. पेन्शन झाली की बाई दर महिन्याला यायच्या आणि एक नवं कुलूप घेऊन जायच्या. घरी गेल्यावर किल्ली लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकायची आणि कुलूप किल्लीशिवाय उघडायला बसायचं, हा त्यांचा छंद. छत्रीची काडी घासून केलेली एक सळई आणि केसांचा एक आकडा, एवढीच हत्यारं. आता तुम्ही म्हणाल, रिटायर झालेल्या मास्तरीणबाईंना हे कसले चोराचे चाळे? आमच्या चाळीतही सगळे हेच म्हणायचे. बाई उलट विचारायच्या, "तुम्ही पेपरातलं शब्दकोडं सोडवता, तेव्हा मी विचारते का, आज कुठे दरोडा म्हणून?"

बाई म्युनिसिपालिटीच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवत होत्या. मी चौथीत त्यांच्या हाताखाली होतो आणि पुढे जन्मभर शेजारी. चौथीच्या परीक्षेत मी कंपासपेटीच्या झाकणात पाढ्यांची चिठ्ठी लपवली होती. बाईंनी पकडली. मारलं नाही, उभं करून मोठ्याने वाचायला लावली. मी वाचलं, "सात आठे चोपन्न." अख्खा वर्ग खो खो हसला. बाई म्हणाल्या, "अरे गाढवा, कॉपी करायची तर निदान बरोबर तरी लिही!"

उघडलेल्या प्रत्येक कुलपाची त्यांनी एका वहीत नोंद ठेवली होती. यत्ता आणि शेरा. पेटीचं छोटं पितळी: 'बालवाडी. नुसतं हलवलं तरी हसतं.' सायकलच्या साखळीचं: 'दुसरी ब. आवाज फार, अभ्यास कमी.' दुकानाच्या शटरचं गोल जाडजूड: 'पाचवी. अंगाने दांडगं, डोक्याने यथातथा.' अलिगढचं एक जुनं: 'सातवी. मुकाट बसतं, पण मनात काहीतरी आहे.'

मी गिऱ्हाइकाला कुलूप तळहातावर तोलून दाखवायचो आणि आतले लिव्हर, म्हणजे खटके, किती ते सांगायचो. एकदा बाईंनी ते ऐकलं आणि भर दुकानात माझी हजेरी घेतली. "दप्तराच्या वजनावरून पोराची हुशारी कळते का रे?" त्या दिवसापासून मी यत्तेप्रमाणे विकायला लागलो. खोलीला कितवीचं देऊ, असं विचारलं की नवं गिऱ्हाईक आधी चक्रावतं, मग हमखास म्हणतं, दहावीचं द्या.

बाईंचे नियम दोनच. जे आपलं नाही ते उघडायचं नाही, आणि जे दाराला लागलेलं आहे त्याला हात लावायचा नाही. चाळीतल्या कुणाची किल्ली हरवली, तरी त्या स्वतःचं कपाट आवरत बसायच्या. "चावीवाल्याला बोलवा. त्याचं पोट आहे त्यावर."

आणि मग एका मे महिन्यात, आमची चाळ रिकामी करून पाडायला टपलेल्या बिल्डरच्या माणसाने गच्चीला कुलूप घातलं.

कुलूप घातलं म्हणजे काय झालं, ते नीट सांगतो. चाळीची गच्ची दर मे महिन्यात डांबर लावून, ताडपत्री घालून पावसासाठी झाकून घ्यावी लागते. नाही केली तर जूनमध्ये तिसरा मजला गळतो. मजला गळला की 'धोकादायक' म्हणून नोटीस लागते, आणि नोटीस लागली की बिऱ्हाडं उचलून ट्रान्झिट कॅम्पमध्ये, अँटॉप हिलच्या पलीकडे कुठेतरी. ट्रान्झिटमध्ये गेलेलं कुटुंब आणि उसनी दिलेली छत्री, दोन्ही परत आलेली मी तरी पाहिलेली नाहीत. बाईंची खोली तिसऱ्या मजल्यावर, आमचीही तिथेच.

कुलूप कुणी विकलं होतं? मीच. कुठे लावणार, हे विचारायची आमच्या धंद्यात पद्धत नाही. संध्याकाळी घरी गेलो तर आई दारातच उभी. "मेल्या, तां कुलूप तुयाच इकलंस?" त्या दिवशी ताटात फक्त भात पडला.

सगळी चाळ बाईंच्या दाराशी गोळा झाली. बाई म्हणाल्या, "दाराला लागलेलं आहे. मी उघडणार नाही." लोक चिडले. एकाने तर तोंडावर विचारलं, मग काय जाळायचीय तुमची कला? बाई आत जाऊन कपाट आवरायला बसल्या. दोन दिवसांनी त्यांनी माझ्या आईकडून जुनी भाडेपावती मागून घेतली. पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलं होतं, गच्ची सर्व भाडेकरूंच्या सामाईक वापरासाठी. बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. "म्हणजे गच्ची आपली. आपल्या दाराला परक्याने घातलेलं ते कुलूप नव्हे, ती दांडगाई."

त्यांनी स्वतः बिल्डरच्या माणसाला फोन केला. "उद्या सकाळी दहाला ये. परीक्षा आहे. पर्यवेक्षक समोर हवा, मागाहून तक्रार नको."

तो आला. पोरगा वाईट नव्हता हो, नोकरी करत होता बिचारा. बाईंनी चार मिनिटांत कुलूप उघडून त्याच्या हातात ठेवलं. "तिसरी."

"काकी, असं नका ना करू. मला वरून ऑर्डर आहे."

"वर तर गच्ची आहे रे," बाई म्हणाल्या, आणि डांबरवाले वर चढले.

संध्याकाळी त्याने दुसरं कुलूप घातलं. काम अर्धंच झालं होतं. बाईंनी पुन्हा फोन केला, पुन्हा सकाळी दहा. या वेळी चाळीस मिनिटं लागली. कुणी स्टूल आणलं, कुणी चहा, माझी आई पदराने वारा घालत होती. "पाचवी," बाईंनी जाहीर केलं, आणि जिन्यात अशा टाळ्या पडल्या की खालचा इस्त्रीवाला वर बघायला आला.

त्या दिवशीही काम पुरं झालं नाही, आणि तिसऱ्या वेळी तो तरातरा दुकानात आला. "सगळ्यात टफ द्या. ती म्हातारी माझी नोकरी घालवणार." मागे मालक बसलेले. दुकानात असलेलं सगळ्यात कठीण कुलूप मी त्याला दिलं. बांधून द्यायला मुद्दाम वेळ लावला, खोटं कशाला बोलू? मग तो म्हणाला, "कडी पण नवी द्या, जुनी हलते." आता कड्या दोन प्रकारच्या असतात. एकीचे स्क्रू कडी बंद झाल्यावर झाकले जातात, दुसरीचे बाहेरच राहतात. मी दुसरी दिली. त्याने विचारलं असतं तर सांगितलं असतं. देवाशपथ.

दुसऱ्या दिवशी बाई दहाला बसल्या त्या दीडपर्यंत. बोटांचे सांधे सुजले होते, सळई सारखी निसटत होती. टाळ्या नाहीत, चहा निवला. शेवटी त्यांनी सळई पिशवीत टाकली. "दहावी," त्या म्हणाल्या. "आणि पहिल्या वर्गात. मला नाही उघडत."

तो पोरगा हळूच म्हणाला, "मी सांगितलं होतं ना काकी." माझ्या आईने पदर तोंडाला लावला. ताडपत्र्या जिन्यात गुंडाळलेल्या पडल्या होत्या. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा चढवला. कुलपाकडे नाही, कडीकडे बघत राहिल्या. मग वळून माझ्याकडे.

"स्क्रू ड्रायव्हर आहे का रे खिशात?"

होता. सकाळपासून होता.

चार स्क्रू. कडी दारापासून सुटली, कुलूप तिला घट्ट चिकटून तसंच लोंबत राहिलं, आणि दार उघडलं. "कुलूप पास, दार नापास," बाई म्हणाल्या.

"ही चीटिंग आहे!" पोरगा ओरडला.

"आहेच. चौतीस वर्षं दुसऱ्यांची पकडली, आज पहिल्यांदा स्वतः केली. जा, कर तक्रार. पावतीची झेरॉक्स देते सोबत."

जिना उतरताना त्या माझ्या कानाशी आल्या. "या वेळी चिठ्ठी बरोबर लिहिलीस."

संध्याकाळपर्यंत डांबर झालं, ताडपत्री बसली. त्या वर्षी तिसरा मजला गळला नाही, एकही बिऱ्हाड हललं नाही. काही महिन्यांनी तो पोरगा ती नोकरी सोडून गेला. जाण्याआधी जिना चढून आला, कडीसकट ते कुलूप बाईंच्या हातात दिलं. "ठेवा काकी, तुमचंच झालं हे. किल्ली मात्र ऑफिसात कुठे आहे, माहीत नाही."

"किल्ली मागितलीय कुणी?" बाई म्हणाल्या, आणि त्याला शेवचिवड्याची बशी दिली.

पुढे दीड वर्ष त्या त्याच कुलपाशी झटत राहिल्या. नवं कुलूप घेणं बंद झालं. दुकानात यायच्या त्या फक्त सांगायला, "अजून नाही हं." गेल्या मार्गशीर्षात बाई गेल्या. त्यांच्या भाच्याने वही आणि ते कुलूप मला आणून दिलं. शेवटच्या पानावर, हललेल्या पण सुवाच्य अक्षरात, यत्ता लिहिली होती: दहावी. शेऱ्याच्या जागी: 'निकाल राखून ठेवला आहे.'

मी ते पान बघत उभा राहिलो आणि गिऱ्हाइकासमोर रडलो. सांगायला कसली लाज?

परवा बिल्डरचा नवा माणूस दुकानात आला. गुळगुळीत दाढी, हातात फाइल. मी त्याच चाळीतला, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. गोड आवाजात म्हणाला, "काय मग, तुमची चाळ खाली कधी होणार?"

काउंटरवर बाईंचं कुलूप होतं. मी ते उचललं, कानाला लावलं, दांडी बोटाने एकदा ओढली. उघडलं नाही. चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

"निकाल राखून ठेवलाय," म्हटलं.