धोट्यासमोर उभा राहा

रोझलिन डाबरे वालीवच्या एका कारखान्यात बावीस वर्षं यंत्रमाग चालवत होती. तिचा डावा डोळा काचेचा आहे. नव्या बायका विचारायच्या, तेव्हा ती दोन शब्दांत सांगून टाकायची, "धोटा उडाला."

आडवा धागा घेऊन मागाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला धावतो तो धोटा. लाकडाचा, पण दोन्ही टोकांना पोलाद. मिनिटाला शंभरावर वेळा तो फेकला जातो, आणि मध्ये तुटका धागा अडकला तर उसळून बाहेर सुटतो. म्हणून त्याच्यापुढे एक लोखंडी सळई बसवतात. तुटलेला धागा जोडताना ती हाताला आड येते, वेळ जातो. मोठ्या शेठनी सगळ्या मागांच्या सळया काढून टाकायला लावल्या होत्या.

शेजारच्या मागाचा धोटा २०११ साली तिच्या डोळ्यात घुसला. ती चौतीस वर्षांची होती. इस्पितळात शेठचा माणूस कागद घेऊन आला. त्यावर लिहिलं होतं की सळई रोझलिननेच काढली होती. "सही केलीत तर कामावरून कुणी काढणार नाही," तो म्हणाला. तिने केली. काम राहिलं. त्या सहीचा राग मात्र तिने नवऱ्याला, स्टॅनीलाही कधी बोलून दाखवला नाही. शेठचा यायचाच, पण जास्त स्वतःचा यायचा.

गेल्या वर्षी मोठे शेठ वारले. मुलगा धवल गादीवर आला. त्याने पुढची शेड पांढरी रंगवली, दिवे लावले आणि मधोमध कारखान्यातला सगळ्यात जुना माग ठेवला. विलायतेत बनलेला, मुंबईतली एक गिरणी बंद पडली तेव्हा भंगारात घेतलेला. परदेशी गिऱ्हाइकांना दाखवायला. उद्घाटनाला बटण दाबायचा मान रोझलिनचा.

"आंटी, फक्त बटण दाबायचं आणि हसायचं. फोटो एकदम मस्त येईल," धवल म्हणाला.

ती माग बघताच थबकली. हाच तो, तेव्हा तिच्या शेजारी असलेला. शेजारी पितळी फलक होता: 'शंभर वर्षांची अखंड सेवा. एकही अपघात नाही.'

तिने तो पुन्हा वाचला. कान तापले.

"धवलशेठ, हे कुणी लिहिलं?"

"मार्केटिंगवाल्यांनी. का?"

"मग माझा डोळा कुणी खाल्ला?"

"आंटी, प्लीज. पाहुणे आहेत. नंतर बोलू."

तिने बटण दाबलं. माग खडखडू लागला. सळई त्यालाही नव्हती. फोटोवाला पुढे सरकला, तसं तिने त्याला हाताने मागे ढकललं आणि मागाच्या कडेची जागा दाखवली.

"धवल, ये. इथे उभा राहा. मी उभी होते तिथे."

चड्डीत असल्यापासून पाहिलेल्या त्या पोराला ती आज पहिल्यांदाच शेठ म्हणाली नाही. धवल एक पाऊल मागे गेला.

"का रे? एकही अपघात नाही ना? मग ये की!"

तिने माग बंद केला आणि तडक मागच्या शेडमध्ये गेली. तिथे बेचाळीस माग चालू होते, एकालाही सळई नव्हती. तिने मेन स्विच खाली ओढला. एवढी शांतता त्या शेडने कधी ऐकली नव्हती.

"कोण मेलं?" जीना ओरडली. ती रोझलिनबरोबरच कामाला लागलेली.

"अजून कुणी नाही. सळया बसेपर्यंत माग चालायचे नाहीत."

धवल धावत आला, पोलिसांना बोलवीन म्हणाला. बायका मागांना पाठ टेकून बसून राहिल्या. दोन दिवस बसल्या. पाहुण्यांपैकी एका खरेदीदाराने सळयांबद्दल लेखी खुलासा मागितला, तेव्हा कुठे तिसऱ्या दिवशी फिटर आला. बेचाळीस मागांना बेचाळीस सळया बसल्या. पितळी फलक निघाला, पण त्या जागी खरं लिहिलेला दुसरा काही आला नाही. आठवड्याभरात रोझलिनला सांगण्यात आलं, आता तुम्ही घरीच आराम करा.

ती घरी बसली नाही. कारखाना निरीक्षकांच्या कचेरीत तिने अर्ज दिला, सळई मी काढली नव्हती, तो कागद खोटा आहे. तिथल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला.

"बाई, मालक वारले. अपघातालाही चौदा वर्षं झाली. आता यातून काय मिळणार तुम्हाला?"

"डोळा मागायला आले नाही मी," ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. "माझ्या नावावरचं खोटं पुसा."

त्याने शिक्का मारला. मागच्या सोमवारी जीना आणि आणखी अकरा जणी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्याच कचेरीत गेल्या. सळया कुणी काढायला लावल्या, ते प्रत्येकीने आपापल्या हाताने लिहून दिलं.