भरणीचा रकाना

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे शंकासुर म्हणतात, आणि हे नाव ठेवलं मीच. गॅस बंद केला की तो तीनदा खाली वाकून बघणार. डॉक्टरांनी ताप नाही म्हटलं, तर थर्मामीटर बदलून पुन्हा लावणार.

असा माणूस एकतीस वर्षं वीज कंपनीच्या उपकेंद्रात, बॅटरीच्या खोलीत टिकला, तो या स्वभावामुळेच. वीज गेली तरी उपकेंद्रातली यंत्रं चालावीत म्हणून तिथे बॅटऱ्यांच्या रांगा असतात. एकेकीतलं पाणी बघायचं, भरली किती आणि निघाली किती ते वहीत लिहायचं. "पडून असते तेव्हा प्रत्येक बॅटरी भरलेलीच दिसते," तो सांगायचा. "काम सांगितलं की कळतं. जावयासारखं."

मागल्या वर्षी राज्याने कायदा केला. वीज कंपनीने दहा वर्षांचा आराखडा करताना, नवं वीजकेंद्र मागण्याआधी, साठवलेल्या विजेवर संध्याकाळची मागणी भागते का हे चाचणी घेऊन वीज आयोगाला दाखवायचं. चाचणीच्या कागदावर सही साहेबाची नव्हे, प्रत्यक्ष मोजणाऱ्याची. मी तो कायदा मुळातून वाचला. चौदा पानं आहेत, त्यातलं हे एवढंच कामाचं.

कंपनीला वीजकेंद्रच हवं होतं. जागा ठरलेली, नकाशे भिंतीवर. तरी कायद्यापुरती एक खोलीएवढी बॅटरी उपकेंद्राच्या आवारात आणून बसवली. बनवणारे म्हणाले, चार तास वीज देईल. मोजायला नेमलं आमच्या शंकासुराला. तो तर पहिल्या दिवसापासून तिला पेटारा म्हणत होता. "पाण्याचा थेंब लागत नाही म्हणे. तिच्यावर मी काय म्हणून विश्वास ठेवू?"

पेटारा तीन आठवडे रोज अडीच तासांत आटोपला. भावाने तसं लिहिलं. त्याचंच खरं ठरलं होतं. तरी रविवारी चेहरा पाडून माझ्याकडे आला.

"ताई, साहेबांनी मला खुर्ची दिली."

"मग बसायचं."

"एकतीस वर्षांत दिली नव्हती. वर चहा. म्हणाले, तुमच्यासारखा अनुभवी माणूस सांगतोय म्हटल्यावर आयोग ऐकणारच. फक्त सही राहिलीय."

"कर की मग. आणि मला दुपारची झोपू दे."

"एवढे खूश का आहेत ते कळल्याशिवाय नाही." त्याने पिशवीतून छापील तक्ता काढला. "यात भरली किती ते कुठे आहे, सांग."

मी चष्मा लावला. सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ, निघालेली वीज, हवा, तापमान, सगळ्याला रकाना होता. भरणीला नव्हता.

"भरणी हेड ऑफिसातून आपोआप होते," तो म्हणाला. "मला सांगितलं, तुम्ही निघालेलं तेवढं लिहा. आणि मी गाढवासारखं लिहिलं."

सोमवारी तो दोन तास आधी जाऊन भरणीच्या मीटरपाशी उभा राहिला. तीनातले दोन भाग भरले आणि भरणी बंद झाली.

साहेबांना विचारलं, तर म्हणाले, बॅटरीचं आयुष्य वाढावं म्हणून कमी भरतो.

"मग तसं लिहू या."

"लिहायला रकाना कुठे आहे?" साहेब म्हणाले. "तुमचे चारच महिने राहिलेत ना? नदीपलीकडच्या स्टोअरला माणूस कमी आहे."

जायला दोन बस लागतात, आणि भावजयीचे दोन्ही गुडघे नुकतेच बदललेले. मी म्हटलं, गप सही कर. खोटं कशाला सांगू? भावजय मात्र वॉकरवर रेलून म्हणाली, "जन्मभर माझ्या आमटीतल्या मिठावर शंका घेतलीत. एकदा साहेबावर घ्या."

मंगळवारी त्याने पेटाऱ्यावरचा हाताने चालवायचा खटका ओढून तो काठोकाठ भरला. वीज तीन तास पन्नास मिनिटं पुरली. बनवणाऱ्यांचा माणूस लगेच पुढे आला. "चारच लिहा की. दहा मिनिटांनी काय बिघडतं?"

"तुमचं काय बिघडतं ते मला माहीत नाही, म्हणून लिहीत नाही."

मग त्याने तक्त्याच्या समासात पट्टीने रकाना आखला. आधीच्या तीन आठवड्यांपुढे लिहिलं, 'भरणी पाहिली नाही'. शेवटच्या दोन दिवसांपुढे आकडे घातले आणि खाली सही केली.

आयोगाने आराखडा परत पाठवला, नवी चाचणी घ्या म्हणून. भावाला नदीपलीकडे धाडलं. आता भावजयीजवळ दिवसा मी बसते, आणि तिची आमटी खरंच खारट असते.

परवा त्याचा फोन आला. "ताई, नव्या तक्त्यात भरणीचा रकाना छापलाय."

"झालं ना मनासारखं?"

"पेन्सिलीने भरतायत."

"तुला कोणी सांगितलं?"

"रजा काढून बघून आलो. मोजायला नवा माणूस आहे, त्याने अजून सही केलेली नाही. त्याला माझं शाईचं पेन देऊन आलोय."